खांबेटे सरांचा संपर्क वर्ग

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले खांबेटे सर लॅपटॉप उघडला की आधी विद्यार्थ्यांचे पाय बघतात. ‘बूट दाखवा’, हीच त्यांची हजेरी. सर फिटिंग शिकवतात, म्हणजे कानशीने लोखंड घासून सरळ करणं. जन्मभर तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये शिकवलं, आता दूरशिक्षणाच्या पोरांना बाल्कनीतून शिकवतात. पण वर्कशॉपमध्ये चपला चालणार नाहीत म्हणजे नाहीत. मग ते वर्कशॉप विद्यार्थ्याच्या स्वयंपाकघरात का असेना.

उदगीरच्या एकाने चकचकीत बूट दाखवले.

‘लग्नातले दिसतात.’

‘हो सर, दादाच्या.’

‘तुमच्या लग्नाला दुसरे घ्या. हे आता वर्कशॉपचे.’

त्या कानशीच्या खरखराटाने माझी सकाळची झोप पार उडवली. तक्रार करायला वर गेलो, तर सर लॅपटॉपच्या पडद्यालाच गुण्या लावून बसलेले. पोराने घासलेला तुकडा काटकोनात आहे का, ते पडद्यावर मोजत होते! ‘साफ तिरका,’ म्हणून त्याला नापास केलं. आठवड्याने तो तुकडा कुरियरने आला. कोपरा बिनचूक, तिरका होता तो पोराचा मोबाइल. सरांनी लगेच फोन करून त्याची माफी मागितली आणि मला म्हणाले, ‘तुम्ही तिथे उभे होतात, बोलला का नाहीत?’

वर्षातून एकदा संपर्क वर्ग असे. पोरं पुण्याला येत, सरांच्या शेजारी उभी राहून काम करत. सर त्या दिवसांवर वर्ष काढत. यंदा दूरशिक्षण केंद्राचं पत्र आलं : प्रात्यक्षिक व्हिडिओवर चालेल, ज्यांना हवं त्यांनी यावं. सरांनी ‘यावं’ एवढंच वाचलं. पार्किंगमध्ये टेबल मांडलं, लोखंड धरायला तीन व्हाइस बसवले आणि वीस जणांचे पोहे सांगितले.

रविवारी बारा वाजले तरी कुणी आलं नाही. एकदा रिक्षा थांबली, सर लगबगीने उठले. चौथ्या मजल्यावरचे पाहुणे होते.

‘सगळ्यांना व्हिडिओ जमतोय हो,’ सर म्हणाले. ‘म्हणजे मी चांगलंच शिकवलं असणार.’

मला फार वाईट वाटलं. टेबलावरची कानस उचलली आणि लोखंडावर दोनदा ओढली.

‘अहो, भांडी घासताय का?’ सर मागे येऊन उभे राहिले. माझ्या दोन्ही हातांवर त्यांनी आपले हात ठेवले. ‘पुढे जाताना जोर. मागे येताना हलकं. हे पडद्यातून कसं सांगू मी?’

तुकडा सपाट झाला तरी सरांनी हात काढले नाहीत. मीही घासत राहिलो.