घरी पसंत नाही

शालिकभाऊंनी घेतलेली वस्तू विकली गेली, असं आमच्या मंगरूळपीरच्या बाजारात कोणताच दुकानदार धरत नाही. ती त्यांच्या घरी पाहुणी म्हणून जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. चादर, छत्री, कुलूप, चपलांचा जोड, यांतलं काहीही पहिल्या फेरीत त्यांच्याकडे टिकल्याचं मला आठवत नाही. माझं भांड्यांचं दुकान, आणि भांड्यांत खोड काढायला जागा भरपूर, त्यामुळे या बाबतीत मी बाजारातला सर्वांत जास्त सोसलेला माणूस आहे.

त्यांची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. पातेलं हातात आलं की ते आधी बोटाने ठोकून आवाज ऐकतात, मग उलटं करून बूड बघतात, मग कडेवरून अंगठा फिरवतात. पातेल्याला दात असते तर तेही मोजले असते. एवढं झाल्यावर पसंती मिळाली की मी विचारतो, "नाव टाकू का?" भांड्यावर आम्ही मशीनने नाव कोरून देतो, आणि एकदा नाव पडलं की भांडं परत घेत नाही. हा नियम शालिकभाऊंना माझ्याहून पक्का ठाऊक. ते पातेलं घाईने काखेत दाबतात आणि म्हणतात, "नाव नको, मधू. घरी पाहू दे पहिले."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मी उदबत्ती लावतो न लावतो तोच पातेलं हजर. घरी पसंत नाही पडलं, एवढं सांगून ते स्टूल ओढून बसतात. मग मी चिडायचं, पातेल्यात काही खोट नाही हे सांगायचं, त्यांनी बुडाकडे बोट दाखवायचं, मी पाणी द्यायचं, त्यांनी शिरपूरच्या यात्रेत घेतलेल्या जुन्या पातेल्याची थोरवी सांगायची, मग चहा यायचा. चहा संपला की मी हरतो आणि दुसरं पातेलं देतो. माझं डोकं दुखायला लागलेलं असतं आणि शालिकभाऊ टवटवीत होऊन कुलूपवाल्याकडे निघालेले असतात.

याची सुरुवात कमलावैनींनी केली. त्या त्यांच्या पत्नी. गुडघ्यांमुळे बाजारात यायच्या नाहीत, पण नजर अशी करडी की शालिकभाऊंनी नेलेली एकही वस्तू त्यांना धड वाटली नाही. "हे नाही, बदलून आणा," म्हणून त्या नवऱ्याला पिटाळायच्या आणि हा गृहस्थ घर ते बाजार घिरट्या घालायचा. वैनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, दिवाळीला येतो. घरी शालिकभाऊ एकटेच. तरी वस्तू परत येतात आणि कारणही तेच असतं. घरी कोणाला पसंत नाही, हे बाजारात त्यांना कोणी विचारत नाही.

तर मध्यंतरी बातमी आली, की मानोरा रोडवरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या जागेवर एक भलंमोठं दुकान येणार. साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं एका छताखाली. नगरपरिषदेने लोकांच्या हरकती मागवल्या आणि आम्ही दुकानदार गोपालशेठ किराणावाल्याच्या माडीवर जमलो. बाजारावर काय परिणाम होईल, याचा जो तो आपल्या परीने अंदाज सांगत होता. कापडवाल्याने तर आपलं दुकान मनातल्या मनात भाड्यानेही देऊन टाकलं होतं. शेवटी गोपालशेठ म्हणाले, त्याच कंपनीचं दुकान अकोल्याला आहे, आधी ते नीट पाहून या, मग काय लिहायचं ते लिहू.

पण जायचं कोणी? आमच्यापैकी कोणी तिथं पिशवी घेऊन दिसला असता तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. गिऱ्हाईकच पाठवायला हवं होतं, आणि तेही असं, की ज्याच्यापुढे टिकलं ते दुकान कुठंही टिकेल. सगळे एकदम माझ्याकडे पाहायला लागले. कारण शालिकभाऊ त्या वेळी माझ्याच दुकानात एका झाकणावरून माझ्या नोकराशी वाद घालत बसले होते.

कामगिरी त्यांनी फार मनावर घेतली. इस्त्रीचा शर्ट घातला. पंच्याहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे एसटी फुकट. संध्याकाळी परतले ते चहाची गाळणी घेऊन, आणि खूश होते. माल चांगला, हवा थंडगार, भावही बरे, असं त्यांनी सांगितल्यावर गोपालशेठचा चेहरा पडला. मात्र खरी परीक्षा उद्या, असंही ते म्हणाले. गाळणी उद्या वापस न्यायची होती. तिथल्या तिथंच परत करून पाहायची, एक खेप तरी वाचली असती, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलंच नाही.

"घरी दाखवल्याबिगर वापस कशी करू, मधू?"

दुसऱ्या दिवशी ते पोळीभाजीचा डबा बांधून निघाले. चांगली हुज्जत होणार, दिवस जाणार, अशी त्यांची तयारी होती. पण दुपारीच परत आले, डबा न उघडताच. संध्याकाळी माडीवर आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो होतो. गोपालशेठनी मोठ्या आशेने विचारलं, वापस घेतली नाही ना?

"घेतली ना. पैसे देल्ले," शालिकभाऊ म्हणाले. "पण थ्या काउंटरवरच्या पोरीनं काहून म्हणून इचारलंच नाही. मी म्हणलं, बाई, कारण तं आयक. थे म्हणे, कारणाची गरज नाही, काका. मी सांगून राह्यलो का घरी पसंत नाही पडली, तं थे मागच्या माणसाचं बिल पाहून राह्यली होती."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. गोपालशेठ कागद घेऊन बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, मग परिणाम म्हणून काय लिहू?

"लिहा का माल चांगला हाय, माणूस लवकर मोकळा होते. लवकर घरी जाऊन करावं काय, थे मले नाही समजलं."

हे लिहायला गोपालशेठना जमलं नाही. त्यांनी रस्त्यावरची गर्दी, गाड्या लावायची अडचण, नोकरांची पोटं, असं रीतसर लिहिलं आणि आम्ही सह्या केल्या. निकाल अजून लागायचा आहे. जिनिंगच्या जागेला मात्र पत्र्याचं कुंपण पडलं आहे. त्यानंतर शालिकभाऊ बरेच दिवस बाजारात फिरकले नाहीत. कुलूपवाला दोनदा येऊन त्यांची चौकशी करून गेला, आणि रोजचं डोकं दुखणं थांबूनही मला काही बरं वाटेना.

परवा ते आले. आदल्या दिवशी मी नसताना माझ्या नोकराकडून नेलेला स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला आणि उभेच राहिले. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. बदलून दिला असता तर क्षणात मोकळा झालो असतो. पण मी गर्दीकडे पाठ केली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"काहून वापस, शालिकभाऊ? काय म्हणतात वैनी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश बसले आणि डबा मांडीवर घेतला.

"झाकण ढिलं हाय म्हणते. पोहे सादळतीन म्हणते."

झाकण घट्ट आहे, असं मी ठणकावून सांगितलं. त्यांनी ते काढून दाखवलं, मी लावून दाखवलं. पाणी झालं, चहा झाला. दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली, तरी मी हटलो नाही. शेवटी दुसरा डबा काढून दिला आणि सवयीने विचारलं, "नाव टाकू का?"

शालिकभाऊंनी डबा काखेत दाबला.

"घरी इचारून सांगतो," ते म्हणाले.