दांडी की रिमोट?

इस्त्रीची वायलची साडी, काखेत पर्स, केसांत अबोलीचा गजरा आणि समोर व्हिडिओ गेमचं मशीन. मारामारीचा गेम खेळणारी अशी बावन्न वर्षांची बाई तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. ती माझी घरमालकीण होती.

बंगळूरला ब्रिगेड रोडच्या एका तळघरात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शनिवारी दुपारी ऑफिसातल्या तिघांबरोबर सहज म्हणून शिरलो, तर कोपऱ्यातल्या मशीनभोवती कॉलेजची दहा-बारा पोरं चिडीचूप उभी. मधोमध सुमनअक्का. डावा हात दांडीवर, उजवा हात सहा बटणांवर आणि उजवा पाय जमिनीवर टपटप, टपटप. पाय कशाला? तर चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या बाईचे हात चालू झाले की पायही चालू होतो, त्याला कोण काय करणार! मी गुपचूप खांबामागे सरकत होतो, पण अक्कांची नजर सुईत दोरा ओवणारी.

"ए मिलिंद! बरं झालं आलास. हे बघ, दांडी खाली, मग पुढे, मग बटण. तोंडातून आग पडायला पाहिजे ना रे? का पडत नाही?"

माझे तिन्ही सहकारी माझ्याकडे बघायला लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

अक्कांचं घर जे. पी. नगरात. खाली अक्का आणि त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान, वर एक खोली, त्या खोलीत मी. पुण्याहून नोकरीसाठी आलो होतो. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडतील, या भीतीवर त्या वेळी आमच्या कंपनीचं पोट चालत होतं. म्हणजे दिवसभर ऑफिसात लोकांची भीती निस्तरायची आणि घरी आलो की अक्कांची. त्यातल्या त्यात ऑफिसातली सोपी.

अक्कांचे पणजोबा कधीतरी साताऱ्याकडून इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, पण भाजीत कोथिंबीर घालावी तसं मधूनमधून कन्नड. 'थोडं' नाही, 'स्वल्प'. 'बरं' नाही, 'सरी'. आणि सगळ्यांत लाडकं वाक्य, "तसं नाही रे, पण समजा..." हे 'समजा' आलं की पुढे शंकांची रांगच. समजा गॅस चालूच राहिला? समजा रिक्षावाल्यानं भलतीकडेच नेलं? समजा गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत जाड झालं? म्हणून अक्कांच्या ब्लाउजना आतून दोन-दोन इंच माया. बायका म्हणायच्या, अक्कांचा ब्लाउज उसवला तर त्यात तंबू होईल.

एकदा येलहंक्याला भाचीच्या लग्नाला गेल्या. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत त्यांना वाटलं, इस्त्री चालू राहिली. दोन बसा बदलून बाई घरी परत. इस्त्री बंद होती. एवढ्यावर समाधान मानावं की नाही? पण नाही. संध्याकाळपर्यंत त्या इस्त्रीशेजारी बसून राहिल्या. का, तर समजा आपोआप चालू झाली तर!

तर त्या शनिवारी मी त्यांना बसमध्ये कोंडीत पकडलं. "अक्का, हा काय प्रकार आहे?"

अक्कांनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "गिरीश येतोय."

गिरीश म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. मस्कतला असतो, एवढंच मला माहीत होतं. दर महिन्याला त्याचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "बरा आहे." झालं. तेवढ्यासाठी अक्का सकाळपासून फोनजवळ स्टूल घेऊन बसायच्या.

बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. पाच वर्षांपूर्वी गिरीश ह्याच तळघरात पडून असायचा. परीक्षा चार दिवसांवर आणि हा रविवारच्या स्पर्धेत! अक्का तिथं पोचल्या तेव्हा शेवटची फेरी चालू होती. पोरगा जिंकत आला होता, एक फटका बाकी होता. अक्कांच्या डोक्यात एकच, समजा नापास झाला तर? त्या सरळ भिंतीपाशी गेल्या आणि प्लग ओढला. सगळ्या पोरांसमोर. पडदा काळा झाला. गिरीश निमूटपणे घरी आला. परीक्षेत पास झाला, तोही चांगल्या मार्कांनी. पण त्या दिवसापासून त्यानं आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, नोकरी मिळाल्याबरोबर गेला आणि त्यानंतर आता पहिल्यांदाच आठ दिवसांसाठी येत होता.

"एका गिऱ्हाइकाचा भाऊ त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहतो," अक्का म्हणाल्या. "तो म्हणाला, गिरीश अजून खेळतो. घरी टीव्हीला लावून. म्हणून मी म्हटलं, शिकून घ्यावं. त्याच्याबरोबर एक डाव खेळेन. बोलायला मला जमत नाही रे त्याच्याशी." आणि लगेच माझा दंड धरून, "पण मला सांग, तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना? दांडी की रिमोट?"

हा प्रश्न पुढचा महिनाभर माझ्या मानगुटीवर बसला. दांडी म्हणजे पार्लरच्या मशीनवर असते ती, वर गोळा बसवलेली. रिमोट म्हणजे घरच्या खेळाबरोबर येतो तो, दोन्ही हातांत धरायचा. दिशा सगळ्या डाव्या अंगठ्यानं द्यायच्या. गिरीश शिकला दांडीवर. पण आता घरी खेळतो म्हणजे रिमोटची सवय झाली असणार. की तिकडेही त्यानं दांडी मिळवली असेल? समजा दांडी पुढे केली आणि तो विसरला असला तर? समजा रिमोट पुढे केला आणि त्याला वाटलं, आईला एवढंही आठवत नाही?

"अहो, फोनवर विचारा ना त्याला!" मी वैतागून म्हटलं.

"विचारलं असतं रे. पण समजा तो म्हणाला, मी आता खेळतच नाही, तर?"

मलाही तेव्हा पहिल्यांदाच धास्ती वाटली.

मी ऑफिसात विचारलं, ती घोडचूक. नागपूरचा प्रफुल्ल टेबलावर हात आपटत म्हणाला, "दांडीच राजा! अख्खं मनगट फिरते. अंगठ्यात काय दम असते बे?" नागराज म्हणाला, मनगटाला चार इंच जावं लागतं, अंगठ्याला अर्धा, वेळ कुणाचा वाचतो? दोघंही जेवणाच्या डब्यांवर प्रात्यक्षिकं करायला लागले. आठवडाभर ते एकमेकांशी नीट बोलत नव्हते. तिकडे अक्का छातीचं माप घेताघेता बायकांना विचारत होत्या, "तुमचा मुलगा काय वापरतो हो?" बायका घाबरायच्या. त्यांना वाटायचं, पोराबद्दल काही भलतंसलतं कानावर आलंय.

शेवटी अक्कांनी मॅजेस्टिकच्या बाजारातून टीव्हीला लावायचा गेम आणला. त्याबरोबर दोन रिमोट. पार्लरच्या मालकानं, बहुधा पाच वर्षांपूर्वीच्या धाकानं, एक जुनी दांडी आणि सहा बटणं काढून दिली. त्याच्याच मेकॅनिकनं एका रिमोटचं पोट फाडून तारा जोडून दिल्या आणि सुतारानं सगळं फळीवर बसवलं. अक्कांनी मोठ्या अभिमानानं मला दाखवलं. मी बघतो तर दांडी उजवीकडे, बटणं डावीकडे!

"अक्का, हे उलटं झालंय."

"उलटं कसं? महत्त्वाचं काम उजव्या हातानं करायचं ना?"

"पण पार्लरमध्ये तुम्ही डाव्या हातानंच धरत होता की!"

"ते त्यांचं मशीन. मला वाटलं, त्यांनी चुकून तसं बसवलंय. आपण घरी करतोय, तर नीट करावं."

सुतार पुन्हा आला. अक्कांनी दोन रात्रींची झोप घालवली, ती वेगळीच.

आता घरात उरला एक रिमोट आणि एक दांडी. म्हणजे एकानं एक उचललं की दुसऱ्याला उरेल ते. ह्यातून अक्कांची नवी काळजी जन्माला आली. "तो जे उचलेल ते उचलेल. उरेल त्यावर मला खेळता आलं पाहिजे. मला नाही आलं तर तो किती वेळ बसेल माझ्याबरोबर?" म्हणून दोन्ही शिकायचं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत खालून हाक. दांडीवर त्या मला धू धू धुवायच्या. रिमोटवर मात्र रडकुंडीला यायच्या. त्यांचा अंगठा खाली दाबायला जायचा आणि पडद्यावरची बाई उगाच उडी मारायची. शिवाय समोरचा खेळाडू पडला की अक्का हात आखडता घ्यायच्या. "उठू दे रे त्याला स्वल्प." तो उठायचा आणि त्यांनाच लाथ घालायचा.

"अक्का, हा खेळ आहे!"

"सरी, सरी. पण समजा लागलं असलं तर?"

गिरीश यायचा तो रविवार उजाडला. मला जेवायला बोलावलं होतं, तेही अशा शब्दांत, "तू समोर बस. समजा आम्हा दोघांना काही सुचलंच नाही तर?" मी अकरा वाजता खाली गेलो, तर टीव्हीसमोरची फळी, रिमोट, सगळं गायब. वर कापडाच्या तुकड्यांचा हा एवढा ढीग.

"झाकलं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आत्ता माझ्या ध्यानात आलं. त्याला वाटेल, आई टोमणा मारतेय. म्हणेल, तेव्हा प्लग ओढलास, आता कौतुकानं मांडून ठेवलंस! अय्यो, महिनाभर मला हे सुचलं कसं नाही?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. समजूत घालणार तेवढ्यात रिक्षा थांबली.

गिरीश आला. किडकिडीत, चष्मा, परक्याच्या घरी आल्यासारखा अदबशीर. आईच्या पाया पडला. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "बरा आहे." संपलं! आम्ही जेवायला बसलो. मी मस्कतच्या उन्हाळ्याबद्दल तीनदा विचारलं आणि त्यानं तीनदा सांगितलं. अक्का वाढत होत्या. आठ दिवस हे असंच चालणार आणि हा निघून जाणार, एवढंच मला दिसत होतं.

अक्का तुपाची वाटी डाव्या हातात धरून त्याच्या पानाशी वाकल्या. गिरीशनं एकदम त्यांचं मनगट धरलं.

"हे काय झालंय?"

"कुठं काय? सुई लागली."

त्यानं हात उलटा करून उजेडाकडे धरला. डाव्या अंगठ्याच्या बरोबर मधोमध फोड आला होता, फुटून कातडं निघालं होतं. महिनाभर मी त्यांच्या शेजारी बसत होतो आणि मला तो दिसला नव्हता.

"सुईनं असं होत नाही," गिरीश म्हणाला. त्यानं आपला डावा अंगठा त्यांच्या अंगठ्याशेजारी धरला. त्याच जागी त्याला जुना, टणक घट्टा. "हे रिमोटनं होतं. तू खेळतेस?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच चहाडी केली होती.

"स्वल्प," त्या पुटपुटल्या.

"रोज दोन तास," मी म्हणालो. मला राहवेना. "आणि तुम्हाला काय आवडेल म्हणून अर्ध्या बंगळूरला विचारून झालंय."

गिरीश पानावरून उठला. आईच्या नजरेचा माग काढत तो टीव्हीपाशी गेला, कापडाचा ढीग बाजूला केला. उकिडवं बसून फळीवर हात फिरवला, दांडीचा गोळा मुठीत धरून एकदा गोल फिरवला. अक्का वाटी घेऊन उभ्या. मला वाटलं, आता उठून बाहेर जातो की काय.

"आई," तो वळून म्हणाला, "तुला कुठलं?"

अक्का गोंधळल्या. सगळ्या गावाला हा प्रश्न विचारून झाला होता, पण त्यांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. लाज वाटली मला.

"मला चालेल रे कुठलंही. तू आधी घे."

"तसं नाही. तुला कुठलं आवडतं?"

"दांडी," अक्का म्हणाल्या. इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं.

त्यानं फळी उचलून त्यांच्यासमोर सरकवली आणि रिमोट स्वतः घेतला. गेम चालू केला. दोघं जमिनीवर शेजारीशेजारी बसले, तो उष्ट्या हातानंच. मी ताट तसंच ठेवून जिन्याकडे निघालो. मागे अक्कांचा आवाज आला, चिरका, घाईघाईचा.

"गिरीश, त्या दिवशी मी प्लग..."

"समोर बघ, आई," तो म्हणाला. "सुरू झालंय."