बाफल्यांचे स्थलांतर

राजवाड्यामागच्या गल्लीत ‘नवयुग भोजनगृह’ उघडले आणि मित्रांना घेऊन बाहेर जेवायला जाणे हे इंदुरातल्या सुसंस्कृत माणसाचे नागरी कर्तव्य होऊन बसले. शरदचंद्रालाही ते पार पाडायचे होते. पण त्याला मित्र असा एकच, गिरणीतला नंदू, आणि नंदूला जेवू घालून कोणतेही काम होण्यासारखे नव्हते. तेव्हा त्याने आपल्या खात्याच्या दोन्ही अधीक्षकांना मित्र मानायचे ठरवले आणि तसे त्यांना अदबीने कळवले.

एका खात्याला दोन अधीक्षक कसे, असे कोणी विचारील. दोन्ही संस्थाने मिळून मध्यभारत राज्य झाले तेव्हा इंदूरची आणि ग्वाल्हेरची खाती एकत्र आली. खाते एक झाले, खुर्ची एक झाली, माणसे मात्र दोन उरली. संकीर्ण खात्यात इंदूरकडून दौलतराव आले आणि ग्वाल्हेरकडून जयसिंगराव. दोघांचेही आजे आपापल्या दरबारातले मानकरी. या दोघांत ज्येष्ठ कोण हा प्रश्न वर विचाराधीन होता आणि तो सुटेपर्यंत प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या शेजारी शेजारी, एकाच उंचीवर होत. एखादी सही गव्हाच्या दाण्याएवढी जरी वर गेली तरी कागद नव्याने लिहावा लागे.

राजधानीचेही तसेच होते. उन्हाळ्यात ती इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. दिवाळीच्या सुमारास संकीर्ण खात्याची दफ्तरे, कपाटे, दौती आणि कारकून रेल्वेत भरले जात, आणि त्यांतली कपाटे बहुधा सुखरूप पोचत. ही बांधाबांध शरदचंद्राच्या देखरेखीखाली होई. यंदा मात्र त्याला जायचे नव्हते. त्याच्या बायकोचे, इंदुमतीचे, दिवस भरत आले होते आणि छत्रीबागेतल्या दोन खोल्यांत तिच्याजवळ दुसरे कोणी नव्हते. पहिल्या खेपेला तो ग्वाल्हेरला कपाटे उतरवत असताना त्यांचे मूल इथे जन्मले आणि इथेच गेले. त्याने त्याचे तोंडही पाहिले नाही. या गोष्टीविषयी नवराबायको कधी बोलत नसत, पण ती विसरलीही कोणी नव्हती.

“हो म्हणवून घ्या, मगच हात धुवा,” निघताना इंदुमतीने बजावले. “दोघांकडूनही.”

भोजनगृह खरोखरच नवयुगातले होते. जमिनीवर पाट नव्हते, टेबल-खुर्च्या होत्या. बाहेर रस्त्याकडेची खोली आणि आत पडद्यामागे ‘फॅमिली रूम’. मालक रघुवीरजी स्वतः दारात उभे राहून नमस्कार करत होते. चौघे बाहेरच्या खोलीत बसले. नंदूला शरदचंद्राने धीर यावा म्हणून आणले होते. दाल-बाफले आले, म्हणजे दाल आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. दालीतून वाफ निघत होती, बाफल्यांतून तूप ओघळत होते आणि शरदचंद्राने मनातल्या मनात पहिले वाक्य जुळवले.

जुन्या दरबारी पंगतीची एक शिस्त होती. पाने वाढून झाली की बसलेल्यांत जो सर्वांत थोर, त्याने “चालू द्या” म्हणायचे आणि मग बाकीच्यांनी घास उचलायचा. त्याआधी उचलला तर उद्धटपणा, आणि त्याआधी कामाचे बोलणे तर सरळ असंस्कृतपणा. दरबार गेले, जहागिरी गेल्या, पण शिस्त दोन्ही घरांत शाबूत होती.

“चालू द्या,” दौलतराव म्हणाले.

“चालू द्या,” जयसिंगरावही त्याच क्षणी म्हणाले.

कोणीच चालू केले नाही. दौलतरावांनी घास उचलला तर जयसिंगराव थोर ठरत होते, आणि जयसिंगरावांनी उचलला तर दौलतराव. जो प्रश्न वरिष्ठांकडे विचाराधीन आहे, त्यावर एका बाफल्याने निर्णय देणे शिस्तीत बसत नव्हते. शरदचंद्राचा हात ताटाजवळ जाऊन परत आला.

“अरे भिया, गरम आहे तोपर्यंत दाबून घ्या!” नंदू म्हणाला. “ठंडा झाला की बाफल्याचा पत्थर होतो.” आणि त्याने मोठा तुकडा दालीत बुडवून तोंडात टाकला.

दोन्ही साहेबांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिले. “साहेब, नंदू गिरणीत असतो,” शरदचंद्र घाईघाईने म्हणाला. “आपल्या खात्याशी त्याचा काही संबंध नाही.”

“तर मग यांचा घास अशासकीय समजण्यात यावा,” जयसिंगराव विचारपूर्वक म्हणाले.

“हरकत नाही,” दौलतराव म्हणाले. नंदूने अशासकीयरीत्या दुसरा बाफला मागवला.

दोघांनी एकाच वेळी म्हणावे, अशी सूचना शरदचंद्राने मांडून पाहिली. त्याने मान हलवून ताल दिला, दोघांनी म्हटले, पण दौलतरावांचे ‘द्या’ किंचित आधी संपले असे जयसिंगरावांचे मत पडले. लवकर संपणे हे थोरपणाचे लक्षण की धाकटेपणाचे, यावर चर्चा झाली. एव्हाना बाफल्यांवरचे तूप थिजू लागले होते. शेवटी तोडगा निघाला, आणि तो सरकारनेच आधी काढून ठेवला होता. बाहेरची खोली इंदूर समजायची, आतली ग्वाल्हेर. बाहेर दौलतराव “चालू द्या” म्हणतील, मग सर्व जेवण आत हलवायचे आणि तिथे जयसिंगराव म्हणतील.

“बिलकुल न्यायाचं आहे,” जयसिंगराव म्हणाले. “मात्र एक बात साफ असावी. इथल्या बैठकीला आम्ही निरीक्षक म्हणून हजर राहू. निरीक्षक खात नसतो.”

“वाजवी आहे. आणि आम्ही म्हटल्यावर आम्हीच आधी खाणं बरं दिसणार नाही,” दौलतराव म्हणाले. “तुम्ही खा ना, शरदचंद्र.”

शरदचंद्र दोघांच्याही हाताखालचा. दोन्ही साहेब उपाशी असताना त्याने खाणे म्हणजे नोकरीशी खेळ. तो नम्रपणे हसला. अशा रीतीने इंदूरचे अधिवेशन कोणीही काही न खाता शांततेत पार पडले आणि स्थलांतराची घडी आली.

“साब, अंदर तो फॅमिली बैठी है,” रघुवीरजी काकुळतीला आले. त्या कुटुंबाला बाहेरच्या खोलीत हलवण्यात आले. त्यातल्या आजीबाईंना खीर अर्धी टाकून उठावे लागले, पण हे सरकारी काम आहे म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

यापुढे जे घडले त्याचा शरदचंद्राला पुढे फार पश्चात्ताप झाला. हात आपोआप चालू लागले, त्याला तो काय करणार? आयुष्यात त्याला एवढे एकच काम उत्तम येत होते. त्याने खिशातून खडू काढून खुर्च्यांच्या पाठीवर खुणा केल्या. दाल तातडीची म्हणून आधी, लसणाची चटणी गोपनीय म्हणून झाकून, पापड नाजूक म्हणून सर्वांत शेवटी आणि स्वतःच्या हाताने. वाढप्यांना त्याने एका रांगेत उभे केले. बाहेर जो वाडगा ज्या वाडग्याच्या डावीकडे होता, तो आतही त्याच्या डावीकडेच उतरला. दालीचा थेंब सांडला नाही. बाहेरच्या टेबलांवरच्या लोकांनी जेवण थांबवून हे पाहिले आणि शेवटी टाळ्या वाजवल्या.

आत जयसिंगराव म्हणाले, “चालू द्या.” आता दौलतराव निरीक्षक होते. कोणी खाल्ले नाही. मग दौलतरावांच्या लक्षात आले की ग्वाल्हेरला पडदा आहे आणि इंदूरला नाही. हा विषय बारकाईने पाहण्यासाठी सर्वजण, जेवणासह, पुन्हा बाहेर आले. आजीबाई पुन्हा आत गेल्या. या खेपेला शरदचंद्राने आधीपेक्षाही कमी वेळ घेतला.

दोन्ही अधीक्षक हात मागे बांधून त्याच्याकडे पाहत होते. दोघांच्याही डोळ्यांत एकाच वेळी पाणी आले. कोणाचे आधी, हे तेवढे कोणी पाहिले नाही.

“जयसिंगरावजी,” दौलतराव म्हणाले, “असा माणूस दुसरीकडे मिळायचा नाही.”

“मी तेच म्हणणार होतो,” जयसिंगराव म्हणाले. “यंदा यांना पहिल्या डब्याबरोबर पुढे धाडू. पूर्ण हिवाळा तिकडेच ठेवू. आणि पुढच्या सालीही.”

“दर साली,” दौलतराव म्हणाले. खाते एक झाल्यापासून दोघांचे एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

“साहेब,” शरदचंद्र हातातला पापड खाली ठेवत म्हणाला. “साहेब, माझी एक अडचण... घरी माझी बायको...”

“शरदचंद्र,” दौलतराव प्रेमाने म्हणाले, “अजून जेवण सुरू व्हायचं आहे. आधी कामाचं बोलू नये.”

तो घरी आला तेव्हा इंदुमती दारातच उभी होती. “म्हणाले का हो? दोघंही?”

“दोघंही म्हणाले,” शरदचंद्र म्हणाला. तिचा चेहरा असा फुलला की त्याला स्वतःची लाज वाटली. कशाला हो म्हणाले, हे मग त्याला सांगावे लागले. ती रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, “तिथं इतकी माणसं होती. कोणी काहीच बोललं नाही?”

दुसऱ्या दिवशी मात्र संकीर्ण खाते हळहळले. हा सरासर अन्याय आहे, असे प्रत्येक टेबलाने प्रत्येक टेबलाला सांगितले. नंदूने जेवणाच्या सुट्टीत येऊन अर्ज लिहिला, की शरदचंद्राला या हिवाळ्यात इंदुरातच राहू द्यावे, खाली खात्यातल्या सर्वांच्या सह्या. अर्जदाराची स्वतःची सही चालत नव्हती आणि नंदूची अशासकीय होती. वरिष्ठ कारकून बाळकृष्ण छातीवर हात ठेवून म्हणाले, “भिया, आपण पूर्णपणे तुमच्या साथ आहोत. दुसरी सही माझी.” त्यांनी पहिली ओळ सोडून सही केली. मग तिसरी झाली, चौथी झाली, शिपायांनी समासात अंगठे उमटवले. संध्याकाळपर्यंत कागद खालपर्यंत भरून गेला.

एवढे वाचल्यावर आपल्यालाही शरदचंद्रासाठी वाईट वाटले असेल आणि आपण तिथे असतो तर गप्प बसलो नसतो, असेही वाटले असेल. अर्ज नंदूकडे आहे. गाडी अजून सुटलेली नाही. खालची जागा कृपया मागू नये, ती भरली आहे. वरची एक ओळ तेवढी मोकळी आहे.