आवाज वरच्या मजल्यावर

सासूबाई संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होत्या आणि डॉक्टरांच्या टीव्हीवर सासरे अजून उमटले नव्हते.

डॉक्टर दातांचे. पण गेला आठवडाभर दात काढणं फक्त दवाखान्यात चालू होतं. घरी त्यांच्या चेहऱ्यावर हसू म्हणून दिसलं नव्हतं. एका जुन्या, निवृत्तीला आलेल्या कॉम्प्युटरचं पोट उघडून ते जमिनीवर बसलेले असत. त्यावर लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम घालायची, तो टीव्हीला जोडायचा आणि घरातले फोटो, गाणी, सिनेमे सगळं रिमोटच्या एका बटणावर आणायचं, असा बेत होता. उद्घाटनाला सासऱ्यांच्या निरोप समारंभाची फिल्म लावायची होती. सासरे बस स्टँडवर माइकवरून घोषणा करायचे. ते गेल्यापासून सासूबाईंनी ती कॅसेट पाहिली नव्हती. आता त्यांच्या मुलीने, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, खटपट करून ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली होती.

"पेनड्राइव्ह टीव्हीत खुपसला असता तर एव्हाना बघूनही झालं असतं," डॉक्टरांची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. दोन ओळींच्या गणिताला दोन पानं खाणाऱ्या मुलांकडे ती जशी बघे, तशीच आत्ता नवऱ्याकडे बघत होती.

"मग त्यात आपण काय केलं?" डॉक्टर म्हणाले.

"तेच म्हणतेय. काहीच करावं लागलं नसतं."

टीव्हीवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर पळाली आणि एका ओळीवर येऊन अडून बसली.

"आता काय म्हणतोय?"

"रूटचा पासवर्ड मागतोय."

"रूट? मग तुमचंच खातं की! भूल द्या आणि घाला हात."

पासवर्ड कोणालाही ओळखता येऊ नये असा ठेवायचा, असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. ते त्यांना इतकं साधलं होतं की आता त्यांनाही ओळखता येत नव्हता. कुत्र्याचं नाव झालं, दवाखान्याचं नाव झालं, लग्नाची तारीख झाली. ती बायकोने दुरुस्त करून दिली आणि वर एक कटाक्षही दिला. शेवटी कीबोर्डवर कॅपिटल अक्षरांचा दिवा जळत असल्याचं ध्यानात आलं, तेव्हा कुठे कॉम्प्युटर वळणावर आला.

फिल्म सुरू झाली. स्टेजवर सासरे उभे होते, पण फक्त भुवयांपासून खाली. वरचं सगळं टीव्हीने कापून टाकलं होतं.

"थांबा आई, चित्र पडद्याबाहेर जातंय. आत्ता बसवतो."

"राहू द्या, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "टक्कल दाखवायला त्यांनाही आवडायचं नाही."

तरी डॉक्टरांनी टक्कल आणून दाखवलं. ते चांगलं चकाकत होतं. सासऱ्यांनी माइक हातात घेतला, छाती फुगवली आणि तोंड उघडलं. आवाजाचा पत्ता नव्हता.

सासूबाई काळजीने पुढे वाकल्या. "हे गप्प कसे? असं गप्प मी त्यांना तापातसुद्धा पाहिलं नव्हतं."

डॉक्टरांनी वायर काढून घातली, उलटी करून घातली, फुंकर मारून घातली. इंटरनेटवर एका जाणकाराने सुचवलेली ओळ टाइप केली. दुसऱ्या जाणकाराने पहिल्याला मूर्ख ठरवून सुचवलेलीही केली. मग वायरचा नाद सोडून त्यांनी दवाखान्यातला ब्लूटूथ स्पीकर आणला. पडद्यावरच्या यादीत एकाच नावाचे दोन स्पीकर दिसत होते. आपला एकच दोनदा दिसतोय, असं समजून डॉक्टरांनी वरचं नाव निवडलं. 'जोडला गेला' अशी पाटी झळकली.

"झालं! आता ऐका." त्यांनी फिल्म पहिल्यापासून लावली. शांतता. आवाज वाढवला. शांतता. मग त्यांनी बटण दाबून धरलं आणि आवाज पार टोकाला नेऊन ठेवला.

वरच्या मजल्यावर काहीतरी दाणकन पडलं. पाठोपाठ धावपळ, दार आपटल्याचा आवाज, कोणाची तरी किंकाळी. मग जिन्यावरून धाडधाड पावलं आली आणि डॉक्टरांचं दार वाजू लागलं.

दारात वरचे पैलवान उभे होते. ते एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन, दिवसा झोपायचे. त्यांची बायको घरीच कपडे शिवायची. तिची कापड मोजायची लाकडी पट्टी आत्ता पैलवानांच्या हातात तलवारीसारखी होती.

"डॉक्टर, इथून कोणी पळालं का?"

"कोण?"

"माणूस! माझ्या घरात माणूस होता!" पैलवान आत येऊन खिडकीच्या पडद्यामागे बघू लागले. "मी झोपलोय, आणि बायकोच्या खोलीतून पुरुषाचा आवाज. म्हणतो कसा, 'आजपासून मी चोवीस तास घरीच. बाईसाहेब, आता तुमची सुटका नाही!' दार ढकलून आत गेलो तर ही एकटी, मशीनखाली वाकलेली. विचारलं, कुठाय तो? तर म्हणते, मीपण त्यालाच शोधतेय!"

डॉक्टरांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरला. चोरीचा ऐवज म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर आधी आपला कॉम्प्युटर आला. पैलवान सोफ्याखाली वाकले होते, तेवढ्यात टेलरबाईही खाली आल्या. त्यांनी हात लांब करून चिमटीत आपला, शिवताना गाणी ऐकायचा स्पीकर धरला होता, आणि त्यातून कोणीतरी भरदार आवाजात बोलत होतं.

"हा आतला माणूस तुमचा का हो डॉक्टर? कपाटात बघितला, पलंगाखाली बघितला, शेवटी ह्यात निघाला."

सासूबाई ताडकन उठल्या. "अगंबाई, हे तर आमचे!"

टीव्हीवर सासऱ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज टेलरबाईंच्या हातातून येत होता. पैलवानांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे, आणि पट्टी हळूच पाठीमागे लपवली.

चहा झाला. स्पीकर टीव्हीखाली ठेवला गेला, आवाज माणसात आणला गेला आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लागली. डॉक्टर हाताची घडी घालून, एखाद्याला नवी बत्तिशी बसवल्यासारख्या समाधानाने उभे राहिले.

"माझ्या पत्नीने," सासरे सांगत होते, "कधी तक्रारीचा एक शब्द काढला नाही."

"काढणार कधी?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तर ना!"

"आमच्या घरात कधी भांडण झालं नाही!"

"अहो, पण त्या दिवशी—"

"एकदाही नाही!" गाड्यांचे हॉर्न दाबून टाकणारा आवाज तो, सासूबाईंचं काय चालणार? त्यांनी आणखी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"जावईबापू, ह्यांचा आवाज बंद करा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "आई, एवढ्या खटपटीने आणलाय हो!"

"करा म्हणते ना. मला बोलायचंय."

डॉक्टरांनी आवाज बंद केला. सासूबाईंनी खुर्ची टीव्हीला चिकटवली आणि सुरुवात केली. न विचारता नाकारलेली बदली निघाली, परस्पर शेजाऱ्याला देऊन टाकलेला पंखा निघाला, आजारपणात इस्पितळातल्या डॉक्टरांपासून लपवलेली छातीतली कळ निघाली. तिथे त्यांचा आवाज जरा अडखळला. पडद्यावर एव्हाना साहेबांचं भाषण सुरू झालं होतं आणि सासरे खाली मान घालून खुर्चीत बसले होते.

"आणि माझी निळी छत्री," सासूबाईंनी डोळे पुसले, "तीसुद्धा तुम्हीच हरवलीत."

सासऱ्यांनी संथपणे मान डोलावली.

सासूबाई गर्रकन वळल्या. "बघितलंत? कबूल केलं! जावईबापू, तेवढंच परत लावा."