हसू न देणारे मामा

लिहायची मला सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतं असं नाही, हे मला कळतं. त्यातून ज्या दुखण्याबद्दल लिहायचं आहे ते चारचौघांत बोलत नाहीत. म्हणून आधीच माफी मागतो. आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिही. पर मामांचं लिही, माझं नको." आता मामांचं लिहायला बसलं की आत्याचं येतंच. तेवढं तिनं सांभाळून घ्यावं.

तर आमच्या मामांच्या घरात हसायला बंदी होती.

मामा म्हणजे आत्याचे यजमान. दौंडच्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनं दुरुस्त होतात तिथं, खलाशी म्हणून हरकाम्याचं काम करायचे. रेल्वेनं दिलेल्या दीड खोलीच्या घरात दोघंच राहायची. मुलींची लग्नं झाली होती. पुण्याला कॉलेजात जायला गाडी सोयीची म्हणून वडिलांनी मला आमच्या गावाहून, निमोण्याहून, त्यांच्याकडे ठेवलं. पहिल्याच दिवशी मी कॉलेजातल्या एका सरांची नक्कल करायला लागलो, तर मामांनी बंद सिग्नलासारखा हात आडवा केला. "प्रेशर नको," ते म्हणाले.  आत्या चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली.

"प्रेशर नको" हा त्यांचा शब्द सगळ्या चाळीला माहीत होता. शेजारची बाई काही गमतीचं सांगायला ओट्यावर आली की मामा आतून तेवढंच म्हणायचे आणि ती बाई तोंड वाकडं करून परत जायची. सोंगाड्या पार्टीचा तमाशा आला, सगळी चाळ गेली, आत्या नाही गेली. निमोण्यात तर मामांचं नाव निघालं की वडील म्हणायचे, आमची बहीण लहानपणी हसायला लागली की विहिरीवरच्या बाया पोहरे धरून उभ्या राहायच्या, या माणसानं तिचं तोंड शिवलं. सात-आठ वर्षांत ती माहेरी आली नव्हती. त्याचंही खापर मामांवरच.

मी त्यांच्या घरात राहत होतो, त्यामुळे माझा गोंधळ जास्त होता. कारण हाच कडक माणूस शेडमधून काळाकुट्ट होऊन यायचा आणि हातपाय धुवायच्या आधी नळावर जाऊन पाण्याचे हंडे भरून आणायचा. आत्याला हंड्याला हात लावू देत नव्हता. बायकांच्या रांगेत मिशावाला एकटा माणूस. बाया पदराआड हसायच्या. मामा हंडा खांद्यावर घेऊन, जिवाला कंटाळल्यासारखे, सावकाश चालत यायचे.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. घरामागून पॅसेंजर जायला लागली की दोघं एकदम स्तब्ध व्हायची. आत्याचे पिठाचे हात तसेच परातीत, मामांचा घास तसाच हातात. दोघांचे चेहरे लाल. गाडी गेली की दोघं श्वास सोडायची आणि पुढचं काम सुरू. मला वाटलं काहीतरी व्रत असेल. मीही एकदोनदा अदबीनं थांबलो.

शेवटी एकदा बाजाराला जाताना मामांनीच सांगितलं. माझ्याकडे न बघता, रुळांकडे बघत.

"तुझ्या आत्याचा वॉल, पाणी अडवतो त्यो, ढिला झालाय. बाळंतपणं अवघड गेली. हसली, खोकली, वजन उचाललं, की लुगडं भिजतं. म्हणून मी हसू देत न्हाई. कळलं का?"

 मी म्हणालो, "घरी का सांगत नाही?"

"काय सांगू? तुझ्या बापाला? तिला मेल्याहून मेल्यागत हुईल. मी वाईट हाय ते बरंय."

एवढं बोलून ते बाजारात शिरले आणि भेंडी बघायला लागले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी त्यांना समजावलं होतं. ऑपरेशन असतं, पण आत्या सुरीला भ्याली. बाई म्हणाल्या, मग आधी सुरीविना जे होतं ते नेटानं करा. आत्या भिजायच्या भीतीनं पाणीच पीत नव्हती. बाईंनी त्याबद्दल रागावून पाणी प्यायला लावलं आणि चहा कमी केला. कळ यायची वाट न बघता ठरल्या वेळेला जाऊन यायचं. जुन्या धोतराच्या मऊ घड्या वापरायच्या आणि रोज धुऊन उन्हात वाळवायच्या. आणि मुख्य म्हणजे, लघवी मध्येच थांबवावी तसं आतून आवळून धरायचं, मग सैल सोडायचं. रोज, पुन्हा पुन्हा, महिनोन् महिने.

हे आवळण्याचं आत्याच्या लक्षात राहीना. मोजायला जावं तर भाकरी करपायची. तेव्हा मामांनी गाडी लावून दिली. पॅसेंजर आली की आवळायचं, शेवटचा डबा गेला की सोडायचं. आणि ती एकटी लाजते म्हणून मामाही तिच्याबरोबर आवळायचे. चहासुद्धा त्यांनी तिच्याबरोबर सोडला, आणि ते मात्र त्यांना फार जड गेलं.

एका रविवारी दुपारी मालगाडी आली. मामांच्या तत्त्वात मालगाडी बसत नव्हती असं नाही, त्यांनी तिचा विचारच केला नव्हता. दोघांनी धरलं. डबे संपेनात. त्यात पुढे सिग्नल पडला नसावा, गाडी आमच्या मागेच थांबली. आत्यानं केविलवाण्या नजरेनं मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. गाडी पुरी गेल्याशिवाय सोडायचं नाही. मी दाराशी अर्थशास्त्र वाचत होतो, मलाच घाम फुटला. शेवटी आत्या पोट धरून खाली बसली. दोन दिवस तिचं अंग ठणकत होतं. बाईंनी मामांना चांगलंच झाडलं. म्हणाल्या, आवळण्याइतकंच सैल सोडणं महत्त्वाचं आहे, तुम्ही बाईला कसलं इंजिन समजलात? तेव्हापासून मालगाडीचा आवाज आला की मामा हातातलं काम न सोडता म्हणायचे, "ही आपली न्हाई."

फरक पडायला फार वेळ लागला. मधे तर काहीच होत नव्हतं. मामा थकून भिंतीला टेकायचे, आत्या घड्या वाळत घालायची, आणि पॅसेंजर आली की दोघं पुन्हा लाल व्हायची. मग हळूहळू दोरीवरच्या घड्या कमी झाल्या. खोकल्यावर आत्या दचकेनाशी झाली. पण हसायला मात्र ती धजत नव्हती. ओठ मिटूनच घ्यायची. सवय झाली होती.

अशात निमोण्याला चुलत बहिणीचं लग्न निघालं. वडील मुराळी म्हणून आत्याला न्यायला येणार होते. आत्या नाही म्हणाली. एसटीत एवढं बसायचं, वर मांडवात बाया हसवणार. भरल्या मांडवात लुगडं भिजलं तर तोंड कुठं लपवायचं?

मामांनी त्या आठवड्याची सुट्टी निमोण्याच्या वाटेनं जाणाऱ्या शिरूरच्या एसटीत घालवली. संध्याकाळी धुळीनं भरून आले आणि जेवताना सांगितलं, की वाटेत न्हावऱ्याला गाडी बऱ्यापैकी थांबते आणि स्टँडच्या मागं बाभळींचा चांगला आडोसा आहे. तो बघायला ते इतके फिरले की एका म्हाताऱ्यानं शेळी हरवली का म्हणून विचारलं. मामा हो म्हणाले. मग तो म्हातारा बराच वेळ त्यांच्याबरोबर शेळी शोधत होता.

आत्या तयार झाली. मामा मात्र गेले नाहीत. वडिलांना सांगितलं, रजा नाही. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ तुझा मामा. माझी परीक्षा होती म्हणून मीही राहिलो. ती दोघं गेल्यावर मी विचारलं, रजा खरंच नव्हती का.

"हाय की. पर मी असलो की ती माझ्या तोंडाकडं बघती," मामा म्हणाले. "हसू आलं की आधी माझ्याकडं बघती."

नंतरचे दिवस आम्ही दोघांनी कच्च्यापक्क्या भाकऱ्यांवर काढले. पॅसेंजर आली की मामा एकटेच घास हातात धरून बसायचे.

लग्न होऊन गेल्यावर वडील एकटेच आले. बहीण अजून आठवडाभर राहते म्हणाली, एवढं सांगायला. पण बसल्यावर त्यांना राहवेना.

"दाजी, राग मानू नका. पर हळदीला माझी बहीण हसली. वरमाईची सोंगं केली बायांनी, तर ही अशी हसली की पार डोळ्यांतून पाणी. तुम्ही नव्हता म्हणून हसली."

मामांनी मान खाली घातली. वडिलांना वाटलं, लागलं. मामांनी विचारलं, "हसल्यावर उठून कुठं गेली का?"

"कुठं जाती? हळद व्हईस्तवर तिथंच बसली व्हती, बायांच्या मधी. परत परत तेच सांगायला लावीत व्हती."