तिसरे रीळ चौथे जाहले, त्याची हकीकत

श्री. भिंतीवर पडून भिंत विसरावयास लावणारा जो उजेड, त्यास प्रथम दंडवत. मग काळोखात शेजारी बसून न खोकणारे जे सज्जन, त्यांस रामराम. आणि मग लेखनास आरंभ. हुजुरांची आज्ञा जाहली की, रिळांचा घोळ कसा जाहला आणि हेमांगीबाई सबनीस यांनी भर दरबारात काय केले, ते पदरचे न घालता लिहून पाठविणे, त्यावरून लिहितो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, मार्गशीर्षमास. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. एक सभागृह, दोनशे दहा खुर्च्या, त्यांतील चौदा मोडक्या, एवढाच मुलूख. परंतु अभिमान विचारू नये. गादीवर दाजीसाहेब हर्डीकर, वय वर्षे पंचाहत्तर. त्यांनीच हे चित्रपट-रसिकांचे मंडळ स्थापिले, आणि कोणता चित्रपट थोर व कोणता टाकाऊ याचा निवाडा चाळीस वर्षे तेच करीत आले. राज्याचा कायदा एकच की, खेळ चालू असता खुर्चीवरून उठू नये. उठेल तो फितूर समजून त्याचे नाव यादीतून कमी करावे. आणि राज्याचे दैवतही एकच, पूर्वसमुद्रातील एका बेटावरचे चित्रपटकर्ते. त्यांचे नाव कोणासही धड उच्चारता येत नसे, सबब सर्व त्यांस स्वामी म्हणत. स्वामींची ख्याती अशी की, त्यांचा कॅमेरा एकदा बसला की उठत नाही. म्हातारी तांदूळ धुवावयास बसली तर तेरा मिनिटे धूतच असते, आणि रसिक तेरा मिनिटे बघतच असतात, आणि बाहेर आल्यावर जो तो दुसऱ्याचे तोंड बघून मग आपले मत ठरवितो. असे स्वामी या मार्गशीर्षात जातीने राज्यात येणार, असे वर्तमान आले, आणि सर्वत्र एकच धांदल उडाली.

आता हेमांगीबाईंचे सांगतो. बाई तेहतीस वर्षांच्या, विद्वान, दाजीसाहेबांच्या पट्टशिष्या. परंतु स्वभाव जात्याच चुळबुळा, पायाला भिंगरी. खुर्चीत बसल्या की डावा पाय हलू लागे, मग उजवा, मग ओढणीचे टोक बोटाला गुंडाळणे, मग छताचे पंखे मोजणे. जगातील सर्वांत संथ चित्रपटकर्त्याचा अभ्यास करावयास या राज्याने निवडले कोणास, तर जिला पोस्टाच्या रांगेत दोन मिनिटे उभे राहवत नाही तिला! पण त्यास कारण होते. नऊ वर्षांपूर्वी बाईंच्या मातोश्री वारल्या. महिना उलटला नव्हता तोच मैत्रिणींनी बाईंस बळेच उचलून मंडळात आणिले आणि त्या दिवशी स्वामींचा थोर चित्रपट लागला होता. त्याची कथा एवढीशी. शहरातला मुलगा समुद्रकाठी आईच्या घरी येतो. आई शिंपले वेचता वेचता भरतीच्या पाण्यात जाते ती येत नाही. आणि लगेच पुढच्या रिळात तीच आई स्वयंपाकघरात बसून तांदूळ धुते आहे. कोणी दचकत नाही, कोणी काही विचारीत नाही. मग मुलगा घराच्या खिडक्या एकेक करून लावतो आणि जातो. तांदूळ धुणारी ती म्हातारी पाहून हेमांगीबाईंचा पाय जो थांबला तो तेरा मिनिटे हलला नाही, आणि डोळ्यांतून घळघळा पाणी आले. त्यांनी मनाशी धरले की आई येते. येते आणि बसते. त्या दिवसापासून स्वामी ते स्वामी. नऊ वर्षे खपून बाईंनी चारशे पानांचा प्रबंध रचिला, की मेलेल्यांचे विनाकारण पुनरागमन हेच स्वामींच्या काळविचाराचे मर्म होय. तो स्वामींच्या समक्ष वाचावयाचा आणि दाजीसाहेबांनी शाल घालून आपली गादी बाईंस द्यावयाची, असे ठरले. मातोश्रींची पलीकडच्या पेठेतील खोली मात्र बाईंनी नऊ वर्षे तशीच ठेविली होती. भांडी फळीवर, तांदूळ डब्यात, खिडक्या उघड्या. भाडेकरू ठेवा म्हणून नातलगांनी सांगितले, त्यांस बाईंनी उडवून लाविले.

स्वारी येण्यास पंधरा दिवस होते, तो स्वामींच्या देशाहून एक पेटी आली. तीत त्याच चित्रपटाची नवी, धुवून पुसून लख्ख केलेली प्रत. ती संगणकावर तपासून घ्यावी असा हुकूम हेमांगीबाईंस जाहला. बाई दुपारी कचेरीत बसल्या आणि पाहतात तो म्हातारी आधीच तांदूळ धुते आहे! मग तांदूळ झाले, मग आई समुद्रावर गेली, भरती आली, आई गेली, आणि मग मुलाने खिडक्या लावल्या. परत कोणी आले नाही. बाईंनी पुन्हा लाविले, पुन्हा तेच. आधी म्हणाल्या प्रत चुकली; मग आठवले की एका परदेशी ग्रंथात कथा अशीच लिहिली होती, आणि दाजीसाहेबांनी त्या ग्रंथकारास चित्रपट पाहताना डुलकी लागली असावी अशी टीप घातली होती, आणि ती टीप बाईंनी आपल्या प्रबंधात दोनदा उतरून घेतली होती. मग बाई जिना चढून थेट यंत्रघरात गेल्या. तेथे इब्राहीमभाई मुजावर, मंडळाचे जुने यंत्रवाले, रिळांचे डबे तेलाच्या फडक्याने पुसत बसले होते.

"मुजावरचाचा, खरं सांगा. तिसरं रीळ कोणतं आणि चौथं कोणतं?"

मुजावरांनी फडके खाली ठेविले आणि बोलिले, "ताई, बत्तीस वर्सांत हे इचारनारी तुमी पयली. डबं आलं तवा त्यावर त्येंच्या भाषेतली अक्षरं. मला काय कळतंय? मी आपलं अंदाजानं लावलं. बाई बुडाली आन् मंग तांदूळ धुवाय बसली. माझ्या तोंडचं पानी पळालं. म्हनलं आता साहेब हाकलत्यात. तर साहेब स्टेजवर चढून रडाय लागलं की वो! म्हनले, मरनाला असं हसत परतवनारा हा पयलाच."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! दुसऱ्या खेळाला मी गपचूप सरळ लावलं. तर लोकांनी खुर्च्या बडवल्या, मुजावरनं उलटं लावलं म्हनून. साहेब वर आलं तवा खरं काय ते सांगितलं, तर नाय नाय ते बोलून मला भाईर काढलं. मंग मी म्हनलं, ज्येला जसं गोड लागतंय तसं खावा. तवापासनं उलटंच सरळ हाय."

हे ऐकोन बाई तशाच निघाल्या आणि त्यापुढील दहा दिवस त्यांस कोठेही चैन पडले नाही. पुलावर जावे, परत यावे. चहा सांगावा आणि न पिता उठावे. प्रबंध उघडावा आणि मिटावा. सांगावे तर नऊ वर्षे पाण्यात, दाजीसाहेबांची चाळीस वर्षांची अब्रू पाण्यात, आणि आई पुन्हा एकवार पाण्यात. न सांगावे तर ज्याने चित्रपट केला त्याच्याच समोर उभे राहून त्याला त्याचा चुकीचा अर्थ ऐकवावयाचा. तिसरा मार्ग सुचेना. शेवटी बाई दाजीसाहेबांच्या घरी गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळे सांगून मोकळ्या जाहल्या. दाजीसाहेब स्वागताचे भाषण घोकीत होते, ते थांबले. त्यांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा चढविला आणि म्हणाले, "नवी प्रत लावायची नाही. आपली जुनी रिळंच लावायची."

"सर, पण ती चुकलेली आहेत."

"हेमांगी, स्वामी आता ब्याऐंशींचे. येतील, दोन तास बसतील, जेवतील, जातील. त्यांना काय आठवतंय? आणि मला विचारशील तर, मी त्या दिवशी रडलो होतो ते खोटं नव्हतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "मला हे काढून घेतलंस तर माझ्याकडे दुसरं काही नाही, बाळ." बाई नमस्कार करून निघाल्या. खरे सांगावयाचे तर त्यांच्यापाशीही दुसरे काही नव्हते.

मार्गशीर्षातील रविवारी सकाळी दहास दरबार भरला. मोडक्या खुर्च्यांवरही लोक बसले. स्वामी आले, वाळकुडी काया, डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत कापडी बूट. हार जाहले, भाषणे जाहली, दिवे मालवले, आणि पहिले रीळ चालले आणि दुसरे चालले आणि हेमांगीबाई खांबाजवळच्या खुर्चीत प्रबंध मांडीवर घेऊन असा पाय हलवीत होत्या की पुढच्याची खुर्ची डुगडुगत होती. मग भरतीचे रीळ लागले. म्हातारी शिंपले वेचीत पाण्याकडे चालली. आणि तोच पहिल्या रांगेतून स्वामी उठले! खेळ चालू असता, सर्वांदेखत, आपल्याच चित्रपटातून उठून चालू लागले. दोनशे माना वळल्या. यादी राखणारे चिटणीस तर घामाघूम जाहले, की आता स्वामींचे नाव कमी करावे की काय! हेमांगीबाईंस मात्र एकाएकी कायदा आठवेनासा जाहला. त्याही उठल्या आणि सर्वांच्या गुडघ्यांना ठेचाळत मागोमाग व्हरांड्यात गेल्या.

स्वामी कठड्याशी सिगारेट पेटवून येरझारा घालीत होते. दोघांसही टोपीकरांची इंग्रजी भाषा मोडकीतोडकीच येत होती, तीतच बोलणे जाहले. बाईंनी विचारिले, आपणांस बरे नाही काय? स्वामी म्हणाले, "मला बसवत नाही. कधीच बसवलं नाही. म्हणून तर कॅमेऱ्याला बसवतो." मग दोन झुरके मारून म्हणाले, "ती बाई नटी नव्हती. माझी आई होती. सिनेमा पुरा झाला आणि वर्षाच्या आत खरीच गेली. भरती आली की मी नेहमी बाहेर येतो. पण आज भरती लवकर आली." एवढे बोलून ते बाईंकडे पाहत राहिले. बाईंनी प्रबंध छातीशी धरिला होता, तो कठड्यावर ठेविला आणि सर्व सांगितले. डबे, अक्षरे, मुजावर, खुर्च्या बडवणारे लोक, बत्तीस वर्षे, आपली चारशे पाने. आणि शेवटी, न सांगावयाचे तेही सांगितले, की माझी आई गेली होती आणि तुमची परत आली, म्हणून मी या नादी लागले. स्वामी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी एवढेच विचारिले, "मग आता आत काय लागेल?"

"तांदूळ," बाई म्हणाल्या.

स्वामींनी सिगारेट विझविली आणि दाराशी जाऊन पडदा बोटभर बाजूस केला. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता. तेरा मिनिटे स्वामी तेथेच उभे. कधी या पायावर भार, कधी त्या पायावर. परंतु नजर काढिली नाही. रीळ सरले तेव्हा त्यांनी बाहीने तोंड पुसले आणि बाईंकडे वळून म्हणाले, "सुंदर आहे. बत्तीस वर्षं तुम्ही तिला परत आणलंत, उपकार आहेत. पण ती आली नव्हती, मुली. मी वाट पाहिली आहे. नीट लावा."

मग दोघे आत येऊन बसले, खेळ संपला, दिवे लागले, आणि दाजीसाहेब शाल घेऊन उभे राहिले. हेमांगीबाई मंचावर गेल्या, परंतु प्रबंध उघडिला नाही. म्हणाल्या, "आमच्याकडून रिळं उलटी लागली आहेत. आज नाही, पहिल्यापासून. मी जे लिहिलं ते चुकलं आहे. मुजावरचाचा, आता सरळ लावा." दरबारात हलकल्लोळ माजला. कोणी म्हणे आम्हांस ठाऊकच होते, कोणी म्हणे स्वामींचा अपमान जाहला, आणि सर्वांत मोठ्याने ओरडत होते ते बत्तीस वर्षांपूर्वी खुर्च्या बडवणारे. दाजीसाहेबांनी वर यंत्रघराकडे पाहून विचारिले, "मुजावर, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" आणि वरून, भोकातून, उत्तर आले, "सांगितलं हुतं, साहेब. तुमीच मला भाईर काढलं." दाजीसाहेबांनी शालीची घडी केली आणि पहिल्या रांगेत, स्वामींच्या शेजारी, ती मांडीवर घेऊन बसले. निम्मे लोक जेवावयास निघून गेले. उरलेल्यांसाठी मुजावरांनी पुन्हा पहिल्यापासून लाविले, सरळ.

या खेळात हेमांगीबाई उठल्या नाहीत. तांदूळ झाले, मग भरती आली, स्वामी बाहेर गेले, आणि मागून दाजीसाहेबही उठून गेले. बाई बसून राहिल्या. मग शेवटचे रीळ आले आणि मुलगा खिडक्या लावू लागला. मुलगा खिडक्या का लावतो, यावर बाईंच्या प्रबंधात सत्तेचाळीस पानांचे प्रकरण होते. आता पाहतात तो काही कोडेच नव्हते. आई गेली, म्हणून तो घर लावून घेतो आहे. इतकेच होते, आणि ते इतके सोपे होते की बाईंस हुंदका आवरेना.

सारांश. स्वामी आपल्या बेटास गेले. दाजीसाहेबांनी गादी सोडिली, तरी दर रविवारी येतात, आणि आता दाराजवळच्या खुर्चीत बसतात. प्रबंध रद्द जाहला. न उठण्याचा कायदा, स्वामीच उठल्यामुळे, आपोआप मोडला. हेमांगीबाई दुसरे दिवशी सकाळी पलीकडच्या पेठेत गेल्या, डब्यातील तांदळाचे किड्यांनी पीठ केले होते ते अंगणात चिमण्यांस टाकिले, भांडी उतरविली, आणि मग एकेक करून खिडक्या लाविल्या. चार होत्या. घाई केली नाही.