कोडोलीच्या मैदानातला नमस्कार

कोल्हापुरात कुस्तीतलं कळत नाही असा एक माणूस दाखवा, मी तुम्हाला वर्षभर मिसळ खायला घालतो! आमच्याकडं पोर चालायच्या आधी शड्डू ठोकतं. आता मी स्वतः स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवतो, जन्मात कधी लंगोट लावलेला नाही, आणि तांबडी माती बघितली ती तालमीच्या पायरीवर बसून. पण म्हणून काय झालं? सल्ला द्यायला अंगाला माती लागावी लागत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला पिराजी वस्तादांची तालीम आहे. तिथं शिरोळचा सम्राट नावाचा पोरगा राहतो. अंगानं उसाची भरलेली ट्रॉली! अडचण एवढीच, की वळायलाही त्याला ट्रॉलीइतकीच जागा लागायची. समोरचा वाकून पाय धरायचा, तेव्हा हा अजून कुठला पाय मागं घेऊ या विचारात असायचा. लागोपाठ कुस्त्या हरला आणि शेवटी वस्तादांचं डोकं फिरलं.

"कोडोलीच्या मैदानात पडलास तर ट्रंक उचलायची आन् शिरोळची वाट धरायची! बाचा ट्रॅक्टर चालव जा!"

सम्राटचा चेहरा पडला. एवढा धिप्पाड गडी, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुस्ती सोडून त्याला दुसरं काही नकोच होतं हो. मला राहवलं नाही.

"वस्ताद, माझ्या डोक्यात एक आयडिया हाय."

"डोक्यातच ऱ्हाऊ द्या आण्णा," वस्ताद म्हणाले.

पण मी ऐकतो होय? आमची बायको त्रिशला घरी कथक शिकवते. पायांची एवढी तयारी, की माझ्या मागं भांडण्यासाठी धावते तेव्हाही तालात धावते. म्हटलं, परदेशातले खेळाडू नाच शिकतात, मग आमच्या पैलवानानं काय घोडं मारलंय?

दुसऱ्या दिवशी सम्राट आमच्या हॉलमध्ये, चिमुरड्या पोरींच्या मागं उभा. त्रिशलानं सुरुवात केली, "ता थेई थेई तत!" पोरींचे पाय टपटप पडले. सम्राटनं पाय आपटला आणि खालच्या मजल्यावरून किंकाळी आली.

खाली शालूबाई राहतात. त्या पदराला लागलेला चुना झटकत वर आल्या.

"काय ट्रक उतरवालाय व्हय घरात? माझा पंखा घड्याळाच्या लंबकावानी हलाय लागलाय की! डोक्यात पडला म्हंजे?"

"शालूबाई, कला चाललीय," मी म्हणालो.

त्यांनी सम्राटला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली. तालमीचा पैलवान नाच्या झाला! वस्ताद तडक घरी आले.

"आण्णा, पोराच्या पायात घुंगरू बांधलंसा तर तुमच्या दुकानातला सगळ्यात मोठा टोप तुमच्या डोक्यावर घालीन!"

"घुंगरू न्हाईत वस्ताद. निस्तं पाय."

खरं सांगू का? पाय सुधारत होते. पोरगा हलका झाला होता. तिथं मी थांबलो असतो तर आज माझा सत्कार झाला असता. पण मला दुसरी आयडिया सुचली! कुस्तीच्या मैदानात तबला कुठं असतो? तिथं हलगी वाजते. मग सराव हलगीवरच नको का?

मी हलगीवाल्या गुंडूला घेऊन आलो. हाच गुंडू सगळ्या मैदानांत वाजवतो. त्रिशलानं आधी कपाळावर हात मारला, मग त्यालाही शिस्त लावली. शेवटी एकच बोल तीनदा वाजवायचा, आणि शेवटचा ठोका पडला की सगळ्यांनी जागच्या जागी वाकून नमस्कार करायचा. नमस्कार चुकला की पुन्हा पहिल्यापासून! सम्राटनं तो नमस्कार इतका घोटला, की रस्त्यात वरातीची हलगी थांबली तरी हा वाकायचा.

हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

कोडोलीचं मैदान गच्च भरलं होतं. मी आणि त्रिशला पुढंच बसलो होतो. समोर इचलकरंजीचा राजवर्धन, नुसत्या मानेनं दार तोडेल असा. सलामी झाली, गुंडूनं हलगीवर टिपरू टाकलं, आणि सम्राटचे पाय सुरू झाले. ता थेई थेई तत! मातीत! लंगोटावर!

"आरं, ह्यो नाचतोय की!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळं मैदान खदखदून हसलं. वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मला तो टोप डोक्यावर दिसायला लागला.

मी उठून दोन्ही हात हलवत गुंडूला खुणावलं, 'बंद कर! बंद कर!' पण आमच्या मैदानात उभं राहून हात हलवला म्हणजे 'वाढव' असाच अर्थ होतो. गुंडू खूष झाला. त्यानं हलगी अशी कडाडवली, की सम्राटचे पाय दिसेनात. राजवर्धन पाय धरायला वाकायचा, तर पाय दुसरीकडंच! तो घामानं निथळायला लागला. लोकांचं हसू थांबलं, शिट्ट्या सुरू झाल्या.

आणि गुंडूनं शेवटचा बोल धरला. एकदा. दोनदा.

"वाकू नगो!" मी बोंबललो. "सम्राट, वाकू नगोस!"

ऐकतो कोण? राजवर्धन चिडून, सगळा जीव एकवटून अंगावर झेपावला, तिसऱ्यांदा ठोका पडला, आणि सम्राट हात जोडून कमरेत वाकला. झेपावलेला राजवर्धन त्याच्या पाठीवरून गिरकी घेत पलीकडं गेला आणि धाडकन आभाळाकडं तोंड करून पडला. चितपट!

क्षणभर कुणालाच काही कळेना. सम्राट तर अजून डोळे मिटून नमस्कारातच होता. मग असा कल्ला झाला म्हणता! वस्ताद आखाड्यात धावले, पोराला मिठी मारली आणि ढसाढसा रडले.

"ट्रंक उचलायची न्हाय बाळा! आरं, पर ह्यो डाव शिकवला कुणी?"

मी छाती काढून पुढं झालो. सम्राटनं माझ्या शेजारी बोट दाखवलं.

"वैनींनी."

विजेत्याच्या वस्तादाला बांधायचा फेटा पिराजी वस्तादांनी त्रिशलाच्या डोक्यावर ठेवला. "वैनी, उद्यापासनं आमची समदी पोरं तुमच्याकडं!" मी तिची पर्स धरून टाळ्या वाजवल्या. पर्स धरून टाळ्या नीट वाजत नाहीत.

आता रोज संध्याकाळी अख्खी तालीम आमच्या हॉलमध्ये पाय आपटते. गुंडू हलगी वाजवतो, त्रिशला बोल म्हणते, वस्ताद कोपऱ्यात बसून मान डोलावतात. मी कुठं असतो म्हणता? खाली, शालूबाईंच्या घरात. स्टुलावर उभा राहून दोन्ही हातांनी पंखा धरून.

"आण्णा, नीट धरा की!" शालूबाई खालून ओरडतात. "तुमचीच आयडिया न्हवं?"